कोमट आहे, बंद कर

"बाबा, तुमच्या हाताला गरम कळतं का?"

विचारलं एकदाचं. शब्दन् शब्द हाच, हसायचं नाही, बाबांच्या तोंडाकडे बघून विचारायचं आणि संध्याकाळचा चहा संपायच्या आत विचारायचं, अशा लंबूच्या अटी होत्या. लंबू म्हणजे तोटीची वर्गातली मैत्रीण, शेवटच्या बाकावर बसूनही जिचं डोकं सगळ्यात आधी दिसतं ती. "तुझ्यानं होणार नाही," असं ती मधल्या सुट्टीत म्हणाली होती, आणि तोटीला कुणी 'होणार नाही' म्हटलं की मग ते झाल्याशिवाय तिला झोप लागत नाही. यंदा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून ती मुख्याध्यापकांपासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत कुणाशीही डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. हा एवढा एकच प्रश्न मात्र ती शाळेपासून घरापर्यंत पुटपुटत आली होती.

बाबा गॅसवरून चहाचं भांडं उतरवत होते. फडकं नाही, सांडशी नाही, भांड्याचे काठ सरळ दोन्ही हातांच्या चिमटीत.

"हे बघ," ते म्हणाले आणि भांडं तसंच धरून उभे राहिले. "एक, दोन, तीन, चार. अजून धरू? फिटरच्या हाताला काय धाड भरलीय?"

खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन खडखडत होतं, ते थांबलं. आईनं मान वर केली नाही. सुईखालचं कापड दोन्ही हातांनी धरून ती तशीच बसून राहिली.

"कळतं का, ते विचारलं मी," तोटी म्हणाली. "सोसतं का, ते नाही."

बाबांनी चहा तीन कपांत ओतला. अगदी सारखा, तिन्ही कपांत एका रेषेत.

आता तोटीबद्दल थोडं. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात आहे आणि तिथंच बरं आहे. घरात ती तोटी, कारण एकदा सुरू झाली की वायसर बदलल्याशिवाय बंद होत नाही, असं बाबांचं म्हणणं. बाबांना सगळं जग नळाच्या भाषेतच कळायचं. कुणी रडकं असलं की 'गळकं', कुणी तापट असलं की 'याला वॉल्व्ह नाही', आणि तोटीची आजी कानानं अधू झाली तेव्हा 'लाइन चोकअप आहे'.

बाबा घरोघरी प्रेशर पंप बसवायचे. त्याचं असं असतं की पाण्याला जोर येतो तो उंचीवरून पडल्यामुळे. वरच्या मजल्यावरच्या घराची टाकी तर त्याच्या डोक्यावरच बसलेली. पडायला जागाच नाही म्हटल्यावर पाणी तरी काय करणार? शॉवर सोडला की तो सर्दी झालेल्या नाकासारखा गळतो. म्हणून टाकीखाली पंप लावायचा. हे कुणालाही जमतं. खरी गोम पुढे असते. पंपानं ढकललेलं पाणी दोन वाटांनी शॉवरला पोचतं. एक वाट गीझरमधून गरम होऊन येते, तिला कुणी भागीदार नाही. दुसरी थंड पाण्याची, आणि तिच्यावर सगळ्या घराचा डोळा: स्वयंपाकघर, संडासाची टाकी, कपडे धुवायचं मशीन. स्वयंपाकघरात कुणी नळ भसकन सोडला की थंड पाण्याचा जोर तिकडे पळतो, गरमाचा जोर तसाच राहतो, आणि शॉवरखालचा माणूस साबणासकट बाहेर पळतो.

त्यानं पळू नये म्हणून स्वयंपाकघराच्या फाट्यावर एक वॉल्व्ह बसवतात. तो पिळून त्या नळाला पाणी मोजून द्यायचं. किती पिळायचा हे कळण्यासाठी बाकीचे फिटर पाइपाला प्रेशर मीटर लावतात, शॉवरखाली थर्मामीटर धरतात. बाबा हात धरायचे. तळहात शॉवरखाली आणि आत हाक, "सोड." मग स्वयंपाकघरातल्या माणसानं नळ पुरा सोडायचा. हाताला चटका बसला तर वॉल्व्ह अर्धा फेरा आवळायचा, पुन्हा "सोड", पुन्हा हात. नळ सोडला काय, मिटला काय, हाताला काही फरक वाटेनासा झाला की त्यांची ठरलेली आरोळी यायची, "कोमट आहे, बंद कर."

"मीटर आकडा दाखवतो, हात आंघोळ दाखवतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाइकं खूश व्हायची. बावीस वर्षांत एकाही घरातून तक्रार नव्हती. लोक त्यांना 'हातवाले' म्हणायचे. "ते हातवाले फिटर बोलवा," असं. एका दुकानदारानं भेट दिलेला मीटर आणि त्यासोबतचा थर्मामीटर त्यांच्या पेटीत तळाशी होता. त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तोटी त्यांच्याबरोबर जायची. सोड म्हटलं की नळ सोडायचा, बंद कर म्हटलं की बंद. काम सोपं, आणि वर लोकांची घरं आतून बघायला मिळायची. कुणाच्या फ्रीजवर काय चिकटवलंय, कुणाच्या बाथरूममध्ये किती बाटल्या आहेत, सगळा हिशोब तिच्याकडे असायचा.

सव्वा महिन्यापूर्वीच्या एका सुट्टीला ते दोघं मोठ्या बाईंच्या घरी गेले. मोठ्या बाई म्हणजे एके काळच्या मुख्याध्यापिका. तोटीच्या आईलाही त्यांनी शिकवलेलं. आता अर्धांगानं त्यांची डावी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. काही हवं असलं, दुखलं, आवडलं, सगळ्याला एकच आवाज उरला होता, "अं". त्यांना सांभाळायला दिवसभर मावशी असायची. गल्लीत सगळ्यांचीच मावशी असली तरी ती खारूची आई, आणि खारू म्हणजे तोटीच्या बाकावर बसणारी, पुढचे दोन दात मोठे असलेली आणि पेन्सिली कुरतडून संपवणारी तिची दुसरी जिवलग. मावशी बाईंना रोज प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून शॉवरखाली आंघोळ घालायची. म्हणून तर बाईंच्या मुलानं पंप बसवून घेतला.

पंप बसला. मग सून म्हणाली, "हातवाले काका, शॉवरला धो धो आणि माझ्या स्वयंपाकघरात मात्र करंगळीएवढी धार? पातेलं भरायला अर्धा तास घालवू का मी?"

"करतो की, वहिनी," म्हणत बाबांनी फाट्यावरचा वॉल्व्ह दोन फेरे मोकळा केला आणि शॉवरखाली हात धरला. "सोड."

तोटीनं नळ पुरा सोडला आणि धावत बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबांचा हात शॉवरखाली होता. मनगटापर्यंत लाल, गाजरासारखा. आरशावर वाफ धरली होती. बाबा वर बघत, निवांत, काहीतरी आठवत असल्यासारखे उभे होते.

"कोमट आहे, बंद कर," ते म्हणाले.

तोटीला तेव्हा काय वाटलं माहितीये? अभिमान वाटला. आपल्या बाबांचा हात लोखंडाचा आहे, असं वाटलं. पळत जाऊन तिनं नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या बोटांवर फोड होते. आई मलम लावत होती.

"कशानं झालं?" तोटीनं विचारलं होतं.

"पाइप जोडायचं तापलेलं मशीन लागलं असेल," बाबा म्हणाले होते.

अकरा दिवसांनी मोठ्या बाई भाजल्या.

सकाळची वेळ. मावशीनं त्यांना खुर्चीवर बसवलं, नेहमीसारखं कोपर लावून पाणी बघितलं, शॉवर बाईंच्या पाठीवर सोडला आणि ती मागच्या फळीवरचा साबण घ्यायला वळली. त्याच वेळी सुनेनं स्वयंपाकघरात मोठं पातेलं नळाखाली लावलं. मावशीला मागून "अं" ऐकू आलं. रोजच्यासारखंच "अं". बाईंकडे दुसरा आवाजच नव्हता. ती साबण घेऊन सावकाश वळली तर सगळी वाफ. खुर्ची ओढताना तिचा हातही कोपरापर्यंत पोळला. बाईंची पाठ आणि खांदा मात्र पार भाजून निघाला.

"तू होतीस कुठं?" घरच्यांनी विचारलं. "फोनवर होतीस? गरम पाण्याखाली त्यांना सोडून गेलीस ना?"

"कोमट होतं हो," मावशी म्हणत राहिली. "मी कोपर लावून बघितलं होतं. एकाएकी उकळतं आलं."

ते खरं की खोटं हे कोण ठरवणार? ज्यानं पंप बसवला तो. बाईंच्या मुलानं दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. आणि बाबांनी काही कुचराई केली नाही बरं का. सगळं रीतसर केलं. गीझर तापवला, शॉवर सोडला, सुनेला स्वयंपाकघरातला नळ पुरा सोडायला लावला, स्वतःचा हात मिनिटभर पाण्याखाली धरला.

"कोमट आहे, बंद कर," ते म्हणाले.

"म्हणजे पाणी एकदम तापूच शकत नाही?" मुलानं विचारलं.

"माझ्या हाताखालून गेलंय साहेब. नाही तापू शकत."

मुलगा बाहेरच्या खोलीतच उभा होता, त्यानं काही आत येऊन आपला हात पाण्याखाली घातला नाही. हातवाले असताना कोण घालेल? त्या दिवशी मावशीचं काम गेलं, आणि पुढच्या आठवड्यात तिला दोनदा पोलीस ठाण्यात बोलावणं आलं.

तेव्हापासून खारू शाळेत यायची, पण न आल्यासारखी. वहीत बघायची, डबा उघडायची, डबा मिटायची. तोटी आणि लंबू दोघी मिळून तिला हसवायचा आटापिटा करायच्या. आज मधल्या सुट्टीतही तेच चाललं होतं. तोटी बाकावर चढून बाबांची नक्कल करत होती.

"आणि मग बाबा दुधाचं उकळतं पातेलं असं उचलतात," ती कंपासपेटी दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आणि आईला विचारतात, कुठं ठेवू? आणि आई म्हणते, आधी ठेवा, मग विचारा. आमचे बाबा म्हणजे फायरप्रूफ आहेत."

लंबू हसली. खारू हसली नाही. पण किती दिवसांनी तिच्या तोंडून एक अख्खं वाक्य आलं.

"आईच्या हाताला दोन सेकंदांत फोड आले. तुझ्या बाबांनी मिनिटभर हात धरला. त्यांना नाही आले?"

"आले ना, तेव्हा नाही, पण आधी पंप बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी आले होते. त्यांना तर कळलंसुद्धा..."

आणि तोटी, जी वक्तृत्वात पहिली आली होती, ती बाकावर उभ्या उभ्या गप्प झाली. खरं तर नंतरही आले होते. बाबा तपासणी करून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी आईच्या हातात पुन्हा मलमाची तीच ट्यूब होती. 'मशीन लागलं असेल.' असेल. ज्याला लागतं तो 'असेल' म्हणतो का?

लंबूनं दोघींकडे बघितलं. तिला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी फुटल्याचा आवाज तिलाही आला होता.

"विचार की मग घरी," ती म्हणाली. "सरळ विचार, गरम कळतं का म्हणून. तुझ्यानं होणार नाही."

खारूनं डबा बंद केला आणि झाकण नीट बसलंय का ते दोनदा बघितलं.

तर असा तो प्रश्न स्वयंपाकघरात येऊन पडला होता आणि तिघं त्याच्याभोवती चहा पीत बसले होते. बाबांचा कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात कायम ओले असायचे, म्हणून बाबांना फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायची सवय होती. त्यामुळे पलीकडचं सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

"हातवाले, मी बोलतोय," बाईंचा मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आई गेली. दुपारी."

"अरेरे," बाबा म्हणाले.

"उद्या दहा वाजता पोलीस घरी येतायत. त्या कामवाल्या बाईलाही आणणार आहेत. ती अजून तेच धरून बसलीय, पाणी एकाएकी तापलं म्हणून. तुम्ही मला जे सांगितलंत तेच त्यांना सांगा. तुमच्या जबाबावर सगळं आहे."

"हो साहेब," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. आईनं पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंनी तिला अक्षर काढायला शिकवलं होतं. आईचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे.

तोटी उठली. काय करायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं असावं. तिनं दोन मग घेतले. एका मगात गीझरचं पाणी भरलं, नुसतं गरम, कसलीही भेसळ नाही. दुसऱ्यात कोमट. दोन्ही आणून टेबलावर ठेवले.

"बाबा, डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ? माणूस गेलंय तिकडं."

"म्हणूनच."

"तोटे, माझं डोकं फिरवू नकोस."

तेव्हा आई बोलली. त्या संध्याकाळचं तिचं ते पहिलं बोलणं. "मिटा ना," ती म्हणाली. "मिटा डोळे. मलाही बघायचंय."

बाबांनी आईकडे बघितलं. मग डोळे मिटले. तोटीनं त्यांचा उजवा हात धरून बोटं एका मगात बुडवली आणि डावा हात धरून दुसऱ्या मगात. त्यांचे हात जड आणि खरखरीत होते, बोटांची टोकं कातड्याच्या चपलेसारखी. एक, दोन, तीन, असं तिनं मनात मोजलं. बाबांनी चहाचं भांडं धरून मोजलं होतं तसंच. पण ती वेळ आता फार मागे गेल्यासारखी वाटत होती.

"सांगा. कुठलं गरम?"

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे ते दिसले.

"दोन्ही कोमट आहेत," ते म्हणाले. "फसवतेस होय मला?"

त्यांनी डोळे उघडले. उजव्या मगातून वाफ येत होती आणि त्यातली बोटं लाल झाली होती. बाबांनी बोटं लगेच काढली नाहीत. काढायची घाई त्यांना जाणवलीच नाही. आईनंच झडप घालून त्यांचा हात बाहेर ओढला, सिंकपाशी नेला आणि गार पाण्याची धार सोडली.

"पुरे झालं," ती तोटीला म्हणाली, पण रागानं नाही.

धार वाहत राहिली आणि धारेबरोबर आईही बोलत राहिली, बाबांचा हात हातात धरून, कुणाकडे न बघता. दोन वर्षं झाली म्हणे. आधी पाय. पायातली चप्पल रस्त्यात राहून जायची आणि हे एका पायात चप्पल घालून घरी यायचे, तरी दारात येईपर्यंत पत्ता नसायचा. आपण हसायचो, तुला आठवतं ना? मग बोटं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तातली साखर नसा खाते, जपा, शेकोटीपाशी बसू नका, गरम भांडी धरू नका. कामाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

"तुला माहीत होतं?" तोटी म्हणाली.

"भाजतं हे माहीत होतं गं. मलम मीच लावते ना. पण हाताला शॉवरचं पाणीसुद्धा कळत नाही, हे नव्हतं माहीत. वाटलं, कामाचं त्यांना कळत असेल. कामात ते वेगळेच असतात."

"दाब कळतो अजून," बाबा एकदम म्हणाले. "उष्णतेचं सोड. अंगठा लावला की दाब कळतो मला. बावीस वर्षं लावतोय."

ते ओल्या हातानंच बाथरूममध्ये गेले. स्वतःच्या घरी त्यांनी एक जुना, गिऱ्हाइकानं काढून टाकलेला पंप बसवला होता. तो घोरायचा, पण चालायचा. त्यांनी शॉवरची जाळी काढली, पाणी सोडलं आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी बाजूनं पंख्यासारखं उडालं. भिंत भिजली, ते भिजले.

"दीड किलो दाब," ते म्हणाले. "दीडच्या वर नाही. लाव पेटीतला मीटर."

तोटीनं पेटीतून मीटर काढला. प्लॅस्टिक फाटेना तेव्हा दातांनी फाडलं, तसा आतला थर्मामीटर फरशीवर पडला. नळीला मीटर पिळून बसवला आणि पाणी सोडलं. काटा उठला, दीडच्या खुणेपाशी थांबलाही नाही. तीनच्या पुढे जाऊन थरथरत राहिला.

बाबांनी मीटरवर टिचकी मारली. काटा तिथंच. पुन्हा मारली. मग ते बाथरूमच्या स्टुलावर बसले, भिजलेल्या कपड्यांनी, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बघत बसले. कुणाचे तरी हात सांभाळायला दिलेत आणि परत कसे करायचे ते कळत नाही, तसे.

"तिनं कोपर लावून बघितलं होतं," ते म्हणाले. "खारूच्या आईनं. ती खोटं बोलणारी बाई नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझा हात सांगत होता ना. तिच्या बोलण्यापेक्षा हातावर विश्वास ठेवला मी."

"मुद्दाम नाही केलंत तुम्ही," आई दारातून म्हणाली.

"मावशीनं पण नाही केलं," तोटी म्हणाली.

मग तिला स्वतःचं सांगावं लागलं. ते सांगणं लंबूच्या पैजेत नव्हतं आणि ते सगळ्यात अवघड होतं. "त्या दिवशी मी दारात उभी होते, बाबा. पंप बसवला तेव्हा. तुमचा हात लाल झालेला बघितला मी. आरशावर वाफ होती. मला कळायला हवं होतं. मी वर शाळेत सांगत सुटले, आमचे बाबा फायरप्रूफ आहेत म्हणून. खारूला सांगितलं मी. खारूला."

तिनं भिंतीला हात टेकला.

"तू पोर आहेस," बाबा म्हणाले. "तू यात पडू नकोस. उद्या शाळेत जा. मी बघतो काय ते."

"काय बघता?"

बाबा भिजलेल्या सदऱ्याचा काठ पिळू लागले.

"खरं सांगितलं तर उद्यापासून कुणी दारात उभं करणार नाही," आई हळूच म्हणाली. आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय हे तिलाच माहीत नसावं. "आणि पोलिसांनी यांनाच धरलं तर? उद्याचं उद्या बघू. आधी जेवून घेऊ."

"आणि बाकीची घरं?" तोटीनं विचारलं.

बाबांनी मान वर केली.

"दोन वर्षं झाली म्हणते आई. दोन वर्षांत तुम्ही याच हातानं किती घरं तपासलीत?"

कोणत्या घरी कधी गेलो, कोणता पंप लावला, याची बाबांची एक वही होती. तोटी ती घेऊन आली आणि पानं उलटू लागली. मोठ्यानं मोजत होती. बाबा तिच्या बोटामागोमाग बघत होते आणि मध्येच एखाद्या नावापाशी त्यांचे डोळे थांबत होते. चाळीस, एक्केचाळीस. एक्केचाळिसाव्या नावाला बाबांनी लाल बोट टेकवलं.

"यांच्याकडे जुळी बाळं आहेत," ते म्हणाले. "चार महिन्यांची."

बाहेर कुणाच्या तरी घरात नळ सुटला आणि मिटला. भिंतीतल्या पाइपातून तो आवाज इकडून तिकडे गेला. तिघांनीही तो ऐकला. एरवी कुणी ऐकला नसता.

तोटीनं वही बंद केली, फरशीवर पडलेला थर्मामीटर उचलून खिशात घातला आणि आईबाबा दोघं एकदम दिसतील अशी दारात उभी राहिली. स्पर्धेत उभी राहिली होती तशी, पाय जुळवून.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "दहा वाजता मोठ्या बाईंच्या घरी जाणार. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाही आलात तर एकटी. पोलिसांसमोर स्वयंपाकघरातला नळ तुम्ही सोडायचा, बाबा, आणि शॉवरखाली थर्मामीटर मी धरणार. आकडा मी वाचणार, मावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तुमचा हात लाल झालेला मी बघितला होता, हेही मीच सांगणार. आणि जेवण नंतर. आधी या वहीतल्या एक्केचाळीस घरांना मी आत्ता फोन करणार आहे, की उद्या सकाळी कुणी शॉवरखाली बसू नका, बादलीत पाणी घ्या. पहिला फोन जुळ्यांच्या घरी. नंबर सांगा."